केळशीचें पाण्यावरील स्टेशन

केळशीस आगगाडी कधींच आली नाहीं; म्हणून ह्या गांवाला स्टेशन नव्हतें असें मात्र कोणी समजूं नये. केळशीकरांचें स्टेशन दक्षिणेस हर्णैच्या बंदरांत, सुवर्णदुर्गासमोर, पाण्यावर होतें. पावसाळा लागला कीं तें बंद होई. त्याचा वृत्तांत ह्या स्मरणिकेंत देण्याचें कारण असें कीं, वेंगुर्लें व मालवणाकडील आपले कितीतरी ख्रिस्ती बांधव ह्याच जलमार्गानें पोटासाठीं मुंबईस गेले. १९२२ व १९३१ सालीं संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र देहाच्या दर्शनास मुंबईहून जे भाविक गोव्यास गेले, त्यांतील कित्येकांची वाटही हीच.

सुवर्णदुर्ग १७५५ सालीं कमोडोर जेम्सनें घेतला, हें शाळेंत शिकवितात. त्याच किल्ल्याच्या समोर पुढें शेफर्ड कंपनीच्या, व नंतर बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी नांगर टाकूं लागल्या, हें कोणी शिकवीत नाहीं.

केळशीहून निघावयाचें म्हणजे उटंबरचा डोंगर चढावयाचा, आडें, पाडलें, आंजर्लें मागें टाकावयाचें, आणि जोग नदीच्या मुखाशीं तरींत बसून पलीकडे उतरावयाचें. मग हर्णै. आगबोट किनाऱ्यास लागत नसे. खोल पाण्यांत उभी राहून ती भोंगा वाजवी. मग वळकट्या, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, लेकुरवाळ्या बायका व म्हातारीं माणसें ह्यांनीं भरलेले पडाव तिच्याकडे निघत. लाट पडावाला वर उचली त्याच क्षणीं आगबोटीच्या शिडीवर पाय ठेवावयाचा. फलाटावर गाडी चुकली तर दुसरी मिळते. येथें पायच चुकून चालत नसे.

ह्या मार्गानें बळीही घेतले. ११ नोव्हेंबर १९२७ ह्या एकाच दिवशीं "जयंती" व "तुकाराम" ह्या दोन आगबोटी वादळांत बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली "रामदास" बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. आमच्या मृत्युनोंदवहींत दफनाची जागा लिहावी लागते. समुद्रानें ज्याचा देह परत दिला नाहीं त्याची ती ओळ कोरीच राहते. मृतांच्या दिवशीं, २ नोव्हेंबरला, कबरींवर मेणबत्त्या लावतांना ह्या लोकांची आठवण आपण किती वेळां केली, हें आम्ही स्वतःसही विचारतों.

रेल्वेनें आगबोट मारली, असें पुष्कळ लोक बोलतात. सनावळी तसें सांगत नाहीं. कोंकण रेल्वे सबंध सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ रोजीं, आणि तीही खेडवरून, केळशीपासून पुष्कळ दूर. आगबोटींचे प्रवासी तिनें नव्हे, मोटारीनें नेले. महायुद्धांत आगबोटींची चणचण झाली. १ जून १९४८ रोजीं सरकारी एस. टी. पुण्याहून नगरला धांवली आणि हळूहळू कोंकणांतही उतरली; मागाहून खाड्यांवर पूल झाले. दारांत मोटार उभी राहिल्यावर पडावांत कोण भिजत बसणार? "कोंकणसेवक" व "कोंकणशक्ति" हीं शेवटचीं नांवें. गत शतक संपण्यापूर्वीं तींही थांबलीं.

आतां आंजर्ल्याच्या खाडीवरही पूल आहे. हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव भरतो, बैलगाड्या पाण्यांत जाऊन माल आणतात. आणि चाकरमान्यांच्या ट्रंका जेथें उतरत, तेथें सुरमई व कोळंबीच्या टोपल्या उतरतात.