रानात भिंती नसतात

सोंगट्यांच्या पटावर घरे मोजलेली असतात आणि कोणती सोंगटी कोठवर जाईल हेही ठरलेले असते. अमेरिकेत १९७४ साली एक खेळ छापून निघाला, त्याला मात्र असा बांधलेला पट नाही आणि ठरलेला शेवटही नाही. त्याचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. टेबलाभोवती चार-पाच मंडळी बसतात. कोणी योद्ध्याचे सोंग घेतो, कोणी जादूगाराचे, कोणी पुरोहिताचे. एक जण मात्र पंच. “समोर दाट रान आहे, पायवाट दोन्हीकडे फुटली आहे, काय करता?” असे तो विचारतो. खेळाडू आपला बेत सांगतात आणि जेथे निकालाची शंका असेल तेथे फासे टाकले जातात. या पंचाने आपल्या मंडळींपुढे रान मांडावे कसे, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

त्याची मुळे प्रशियाच्या सैन्यात सापडतात. फॉन राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावर खेळायचे युद्ध रचले. दोन्ही पक्ष पंचाला लेखी हुकूम देत आणि जी पलटण शत्रूला दिसणे शक्य नाही, तिची सोंगटी पंच नकाशावर मांडीतच नसे. झाडीआड दडलेली फौज फक्त पंचाला ठाऊक! कागदावरच्या रानाला खरी भीती आली ती त्या दिवसापासून, असे म्हटले तर चुकणार नाही.

पुढे मिनेसोटात डेव्हिड वेस्ली यांनी १९६९ साली एका युद्धखेळात प्रत्येक खेळाडूला फौजेऐवजी एकेका माणसाची भूमिका दिली. त्यांच्याच मंडळातील डेव्ह आर्नेसन यांनी ब्लॅकमूर नावाचे काल्पनिक राज्य उभे केले आणि किल्ल्याखालच्या भुयारांत आपले मित्र उतरवले. विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्स यांच्याशी त्यांचा मेळ जमला आणि दोघांच्या नावाने तीन लहान पुस्तिकांची पेटी निघाली. पहिली आवृत्ती अवघी हजार प्रतींची होती.

भुयार रचणे पंचाला त्या मानाने सोपे. चौकटीच्या कागदावर खोल्या काढाव्यात, दारे दाखवावीत. तीन दारे असतील तर खेळाडू तिसऱ्यापलीकडे जाणार कोठे? रानात ही सोय नाही. तेथे भिंत नसते, म्हणून प्रत्येक दिशा हे दारच होते. शिवाय वाटेत केवळ एकामागून एक श्वापदे उभी केली, तर चार लढायांनंतर मंडळी जांभया देऊ लागतात.

तिसऱ्या पुस्तिकेत यावर काढलेला तोडगा मोठा मासलेवाईक आहे. रानातल्या प्रवासासाठी तिने ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या १९७२ सालच्या दुसऱ्याच खेळाचा पट घ्यायला सांगितले. त्या खेळात राक्षस नाहीत, जादू नाही. भूक, तहान आणि चुकलेली वाट हेच तेथले मुख्य वैरी. त्यावरची तळी म्हणजे किल्ले समजावेत आणि घरे म्हणजे गावे! सहा बाजूंच्या फाशावर १ किंवा २ पडले की रानात वाट चुकली, ५ किंवा ६ पडले की कोणाची तरी गाठ पडली. त्यातही दरोडेखोर भेटले, तर त्यांची संख्या ३० पासून ३०० पर्यंत. चार माणसांनी तीनशे जणांशी लढायचे कसे? लढायचेच नव्हे. लपायचे, पळायचे किंवा बोलायचे. समोरच्याचा कल कसा आहे, हेही दोन फासेच सांगत. खेळ रचणाऱ्यांना ठाऊक होते की रानातली गाठ म्हणजे लढाईच असे नाही.

१९८१ साली ‘आइल ऑफ ड्रेड’ या साहसकथेने हा धडा घरोघरी नेला. तीत खेळाडूंच्या हाती येणाऱ्या नकाशावर बेटाचा अंतर्भाग बहुतेक कोराच होता. तो आपल्या पायांनी भरायचा.

आम्हा शिक्षकांना यात प्रश्नपत्रिकेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कठीण प्रश्न आणि अन्यायाचा प्रश्न यांतला भेद मुले चटकन ओळखतात. न शिकवलेले विचारले तर ती रुसतात, शिकवलेलेच आडवळणाने विचारले तर डोके खाजवतात, पण झुंजतात. रान रचणाऱ्या पंचाचेही तसेच. समजा, संध्याकाळ होत आली आहे, नदीला पूर आहे, बरोबर जखमी मुलगा आहे. एकुलत्या पुलावर दरोडेखोर बसले आहेत. त्यांना रक्त नको, जकात हवी. पलीकडे अर्ध्या दिवसाच्या वाटेवर उतार आहे, पण त्या बाजूची पाखरे सकाळपासून गप्प आहेत. येथे पंचाने एकही श्वापद पुढे आणलेले नाही, तरी टेबलाभोवती सगळे सावरून बसतात. पैसा, वेळ आणि मुलाचा जीव, यांतले काय पणाला लावायचे, ते त्यांचे त्यांनी ठरवायचे असते.

पंचाच्या हाती सर्व सत्ता असते. वाटेल तेव्हा तो वाटेल ते संकट उभे करू शकतो. म्हणूनच त्याने स्वतःला एक बंधन घालून घ्यावे लागते. संकट येण्याआधी त्याची खूण दिसली पाहिजे. चिखलातले पाऊल, मोडलेली फांदी, विझलेली शेकोटी, काहीही असो. ती वाचायची की दुर्लक्षायची, हे खेळाडूंकडे. महिनोन्महिने जपलेला आपला कागदी वीर मेला, म्हणजे खेळणाऱ्याला खरोखर वाईट वाटते. त्या क्षणी तो पंचाकडे रागाने पाहील, की आपल्याशीच हळू आवाजात “ती पावले मी पाहिली होती” असे म्हणेल, यावर ते रान नीट रचले होते की नाही हे कळते. आणि तीच मंडळी पुढच्या आठवड्यात पुन्हा त्या टेबलाभोवती जमतील की नाही, हेही त्यावरच ठरते.