घरावर भरलेला खटला

अमेरिकेतल्या न्यायनिवाड्यांची सूची चाळायला घेतली, की मधूनच काही विचित्र नावं समोर येतात. 'अमेरिका विरुद्ध ९२ ब्यूना व्हिस्टा अ‍ॅव्हेन्यू'. 'पेनसिल्व्हेनिया राज्य विरुद्ध १९९७ ची शेव्हरोले'. पहिल्या खटल्यात प्रतिवादी म्हणून चक्क एका घराचा पत्ता आहे, दुसऱ्यात एक जुनी गाडी. ही छपाईची चूक नव्हे. खटला खरोखरच घरावर आणि गाडीवर भरलेला आहे. घरात राहणारी माणसं त्या खटल्यात तिऱ्हाईत. त्यांना काही म्हणायचं असेल तर त्यांनी अर्ज करून 'या वस्तूत आमचा हक्क आहे' असं आधी दाखवायचं, मग बोलायचं.

याला दिवाणी जप्ती म्हणतात. एक फरक सुरुवातीलाच सांगून ठेवू. 'जप्त' म्हणजे पोलिसांनी ताब्यात घेतलं, आणि 'सरकारजमा' म्हणजे मालकीच गेली. फौजदारी खटल्यात माणूस दोषी ठरला आणि शिक्षेचा भाग म्हणून त्याची मालमत्ता सरकारजमा झाली, तर ते आपल्या मनाला पटतं. इथे तसं नाही. माणसावर आरोपपत्र नसलं, किंवा तो सुटला, तरी वस्तूवरचा खटला वेगळा चालू राहू शकतो. आणि अमली पदार्थांच्या प्रकरणात ही वस्तू बहुतेक वेळा एकट्या आरोपीची नसतेच. घर आईच्या नावावर, गाडी बायकोच्या नावावर, पैसे कुणाच्या तरी विम्याचे. हे आलं कुठून, हा आजचा आपला विषय.

मूळ शोधायला समुद्रावर जावं लागतं. १७८९ साली अमेरिकेची पहिली काँग्रेस भरली, तेव्हा नव्या सरकारचं जवळजवळ सगळं उत्पन्न जकातीतून येणार होतं. जकात चुकवणारं जहाज बंदरात सापडलं, पण त्याचा मालक लिव्हरपूलमध्ये नाहीतर लिस्बनमध्ये बसलेला. त्याला न्यायालयात आणणार कसं? म्हणून जहाजालाच प्रतिवादी केलं. १८२७ मध्ये 'पामिरा' नावाच्या, चाचेगिरीच्या आरोपाखाली पकडलेल्या जहाजाच्या खटल्यात न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी हे तत्त्व पक्कं केलं. अशा प्रकरणात अपराधी वस्तूच मानायची, मालकाला आधी शिक्षा झालेली असण्याची गरज नाही, असा त्याचा आशय.

याच्याही मागे इंग्लंडमधली एक जुनी रूढी सांगितली जाते. बैलानं शिंग मारून किंवा गाडीचं चाक अंगावरून जाऊन माणूस मेला, तर तो बैल किंवा ती गाडी राजाकडे जमा व्हायची. तिला 'देवाला द्यायची वस्तू' अशा अर्थाचं लॅटिन नाव होतं. प्रत्यक्षात देवापर्यंत काही पोचत नसे, हे सांगायला नको. रेल्वे आली, अपघातांनंतर पंचांचे ज्यूरी इंजिनांवर मोठमोठ्या रकमा बसवू लागले, आणि १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेनं ही रूढीच रद्द केली. रेल्वे कंपन्यांना ती परवडेना. गरिबाच्या बैलावर होती तोवर ती शतकानुशतकं चालली.

अमेरिकेत जहाजाची कल्पना मात्र जमिनीवर आली. दारूच्या काळात मोटारी जप्त होऊ लागल्या. १९२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका मोटारीचा खटला आला. गाडी उधारीवर विकलेली, विकणाऱ्या कंपनीचा हक्क तिच्यावर शिल्लक, आणि त्या गाडीतून कर न भरलेली दारू नेली जातेय याची कंपनीला कल्पना नाही. गाडी गेली. न्यायमूर्तींना ते पटलं होतं असं निकाल वाचून वाटत नाही. पण प्रथा फार जुनी आहे, आता ती उपटता येणार नाही, असा त्यांचा सूर.

मग १९७० उजाडलं. निक्सन यांच्या सहीनं अमली पदार्थांचा नवा एकत्रित कायदा झाला. सुरुवातीला त्यात माल, तो बनवण्याची साधनं आणि वाहतुकीची वाहनं जप्त करायची तरतूद होती. प्वेर्तो रिकोतल्या एका भाड्यानं दिलेल्या नौकेवर गांजाची एक सिगारेट सापडली. एक! नौका भाड्यानं देणाऱ्या कंपनीला काहीच ठाऊक नव्हतं, तरीही ती सरकारजमा करणं सर्वोच्च न्यायालयानं १९७४ मध्ये घटनेला धरून ठरवलं. १९७८ मध्ये व्यवहारातला पैसा आणि त्यातून घेतलेल्या वस्तू यादीत आल्या. आणि १९८४ मध्ये, रेगन यांच्या काळात, दोन गोष्टी एकदम घडल्या. घरं आणि जमिनी जप्तीच्या कक्षेत आल्या. शिवाय जप्तीचा पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता न्याय खात्याच्या स्वतंत्र निधीत जाऊ लागला. स्थानिक पोलिसांनी केंद्रीय यंत्रणेला हाताशी धरून कारवाई केली, तर मिळकतीतला ८० टक्क्यांपर्यंत वाटा त्यांना परत.

आमच्या मते या सगळ्या इतिहासातला निर्णायक क्षण हाच. जुन्या काळी जहाज जप्त करणाऱ्यांनाही बक्षिसी मिळे, पण शेजारच्या गल्लीतल्या घराचा लिलाव झाला की चौकीचं अंदाजपत्रक फुगेल, अशी व्यवस्था आता उभी राहिली. १९८६ मध्ये त्या निधीत सुमारे ९.४ कोटी डॉलर जमा झाले होते. २०१४ मध्ये तोच आकडा ४५० कोटींवर होता. यात मोठमोठ्या आर्थिक घोटाळ्यांचीही वसुली आहे, सगळा पैसा अमली पदार्थांचा नाही. तरी वाढ बघा.

आता हे एखाद्या कुटुंबाच्या दारात येतं तेव्हा काय होतं? २००० सालापूर्वीची स्थिती सांगतो. सरकारनं फक्त संशयाला वाजवी कारण आहे एवढं दाखवायचं, तेही ऐकीव माहितीवर चालायचं. मग सगळा भार मालकावर. गाडी किंवा रोकड परत मागायची तर आधी तिच्या किमतीच्या १० टक्के, पण ५,००० डॉलरपर्यंतच, ठेव भरायची. फौजदारी आरोपीला पैसे नसतील तर सरकार वकील देतं. इथे आरोपी गाडी आहे आणि गाडीला वकिलाचा हक्क नाही. पिट्सबर्ग प्रेस या वृत्तपत्रानं १९९१ मध्ये लेखमालाच छापली. मालमत्ता गमावलेल्यांपैकी ८० टक्के लोकांवर कधी गुन्ह्याचा आरोपच ठेवला गेला नव्हता, असं त्यांच्या पाहणीत आढळलं.

कायद्यात 'निर्दोष मालक' नावाची पळवाट, खरं तर दार, हळूहळू आलं. घरांसाठी १९८४ मध्ये, वाहनांसाठी १९८८ मध्ये. पण त्या दारातून आत जाणं कुणाला जमतं, ते पाहण्यासारखं आहे. न्यू जर्सीतलं ब्यूना व्हिस्टा अ‍ॅव्हेन्यूवरचं ते घर एका बाईनं १९८२ मध्ये घेतलं होतं. सुमारे २,४०,००० डॉलर तिच्या त्या वेळच्या जोडीदारानं दिलेले. ती तिच्या तीन मुलांसह तिथे राहत होती. १९८९ मध्ये सरकार म्हणालं, तो पैसा अमली पदार्थांचा. आणि असा पैसा गुन्हा घडला त्या क्षणीच सरकारचा होतो, तेव्हा तुम्ही मालक झालातच कधी? १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे उलटवलं. बाईला पैशाचा उगम ठाऊक नव्हता असं तिनं सिद्ध केलं तर ती निर्दोष मालक ठरू शकेल, मग तिला पैसा भेट म्हणून का मिळालेला असेना.

तीनच वर्षांनी, १९९६ मध्ये, गाडी पुन्हा उलटी फिरली. मिशिगनमध्ये एका नवराबायकोनं मिळून ६०० डॉलरला एक जुनी पाँटियाक घेतली होती. नवरा तिच्यात वेश्येसोबत पकडला गेला. प्रकरण अमली पदार्थांचं नव्हतं, पण निकाल सगळ्यांनाच लागू पडला. बायको म्हणाली, माझी निम्मी मालकी आहे आणि मला काही माहीत नव्हतं. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयानं सांगितलं की निर्दोष मालकाला वाचवण्याची सक्ती राज्यघटना करत नाही. राज्यानं आपल्या कायद्यात ती सवलत ठेवली तर ठीक, नाही तर नाही.

या अन्यायावर बोट ठेवणारे सगळे डावे होते असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. इलिनॉयचे रिपब्लिकन खासदार हेन्री हाइड हे कडवे परंपरावादी, आणि १९९५ मध्ये जप्तीच्या विरोधात पुस्तक लिहिणारे तेच. त्यांच्या पाठपुराव्यातून २००० मध्ये केंद्रीय सुधारणा कायदा झाला, क्लिंटन यांनी सही केली. सिद्धतेचा भार सरकारवर आला. अर्थात 'वाजवी शंकेपलीकडे' नव्हे. पारडं जरा सरकारकडे झुकलं की पुरे. ती ठेव गेली. राहतं घर पणाला लागलं असेल आणि पैसे नसतील तरच वकील मिळू लागला. बाईचं लग्नातून किंवा वारशानं आलेलं राहतं घर काढून घेतल्यास ती उघड्यावर पडणार असेल, आणि ते घर गुन्ह्याच्या पैशातलं नसेल, तर संरक्षण मिळालं.

याच कायद्यात निर्दोष कोण याची व्याख्या आहे. एक तर तुम्हाला गुन्हा माहीत नसला पाहिजे, किंवा कळल्यावर तुम्ही तो थांबवण्यासाठी परिस्थितीत शक्य ते सगळं केलेलं असलं पाहिजे. पोलिसांना वेळीच कळवणं, वस्तू वापरायची परवानगी काढून घेणं, ही कायद्यानंच दिलेली उदाहरणं. जिवाला धोका होईल असं काही करण्याची सक्ती नाही, हेही त्यात लिहिलंय. कागदावर वाजवी वाटतं. पण मुलाच्या खोलीत काही पुड्या सापडलेल्या आईच्या जागी क्षणभर उभं राहा. तिनं त्याला समजावलं, रागावली, डॉक्टरकडे नेलं, हातापाया पडली. यातलं काहीही कायद्याच्या उदाहरणांत नाही. तिनं पोलिसात जावं, नाहीतर त्याला घराबाहेर काढावं. आणि काहीच कळलं नाही म्हणाली तर सरकारी वकील विचारणार, एका छताखाली राहता आणि कळलं नाही?

फिलाडेल्फियात हे शब्दशः घडलं. २०१४ मध्ये एका कुटुंबातल्या तरुण मुलानं ४० डॉलरचा माल विकला. काही आठवड्यांनी पोलीस येऊन आईवडिलांना घराबाहेर काढून घर बंद करून गेले. त्यांच्यावर कसलाही आरोप नव्हता. घरात परत येण्यासाठी एक अट होती, मुलाला घरात येऊ द्यायचं नाही. अशी प्रकरणं नगरभवनातल्या ४७८ क्रमांकाच्या खोलीत चालत. त्या खोलीला न्यायालय म्हणत, पण तिथे न्यायाधीश नसे, कारभार सरकारी वकीलच पाहत. एका दशकात या शहरानं हजारावर घरं सरकारजमा केली. कुटुंबांनी मिळून केंद्रीय न्यायालयात दावा लावला, आणि २०१८ मध्ये शहरानं तडजोड करून ही पद्धत मोडीत काढायचं मान्य केलं. त्याच्या आदल्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं 'शेव्हरोले' खटल्यात निकाल दिला होता. त्यात एका वृद्ध आजीचं घर आणि गाडी होती, आणि गांजा विकला होता मुलानं. न्यायालयानं म्हटलं, गुन्ह्याच्या मानानं जप्ती बेसुमार आहे का आणि मालकाचा दोष किती, हे नीट तपासा.

२०१९ मध्ये इंडियानातून आलेल्या खटल्यात गाडीची किंमत ४२,००० डॉलर होती, वडिलांच्या विम्याच्या पैशातून घेतलेली. त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दंड १०,०००. अवाजवी दंडाची बंदी राज्यांनाही लागू आहे, असं न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी एकमुखी न्यायालयाच्या वतीनं लिहिलं. न्यू मेक्सिको, नेब्रास्का, मेन या राज्यांनी तर दिवाणी जप्ती बंदच केली. एवढं सगळं झाल्यावर २०२४ मध्ये अलाबामातल्या एका आईचं प्रकरण आलं. मुलगा तिची गाडी चालवत होता, पकडला गेला, आणि गाडी परत मिळायला वर्षाहून जास्त काळ लागला. तिची मागणी एवढीच की अंतिम सुनावणीपर्यंत गाडी अडकवून ठेवायची की नाही, यावर लवकर एक सुनावणी घ्या. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालय म्हणालं, तशी वेगळी सुनावणी घटनेनं बंधनकारक नाही.

आपल्याकडे काय, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. आपल्या कायद्याची वाट निराळी. आणीबाणीत, १९७६ साली, तस्करांच्या मालमत्तेचा कायदा आला, ज्याला मुंबईत सगळे 'साफेमा' म्हणून ओळखतात. दाऊदच्या नागपाड्यातल्या मालमत्तांवर त्याच्या आईनं आणि बहिणीनं सांगितलेला हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये फेटाळला, तो याच कायद्याखाली. त्याच धर्तीवर १९८९ मध्ये अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात एक प्रकरण घातलं गेलं. यात वस्तूला अपराधी मानायची गरज पडत नाही, कारण कायदा थेट नातेवाइकांनाच गाठतो. नातेवाईक कोण, त्याची यादी दिलेली आहे. जोडीदार, भाऊ-बहीण, मेहुणे-मेहुण्या, दीर-नणंदा, आईबाप, आजीआजोबा, मुलं-नातवंडं, सासूसासरे, सुना-जावई, पुतणे, भाचे. लग्नाच्या निमंत्रणाची यादी करायला बसल्यासारखं वाटतं.

१९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं 'साफेमा' वैध ठरवला, पण एक मर्यादा घातली. नातेवाइकाची मालमत्ता नातेवाइकाची आहे म्हणून घेता येणार नाही, तिचा मूळ माणसाच्या बेकायदा कमाईशी धागा असला पाहिजे. अमेरिकेतल्या पाँटियाकवाल्या बाईला हे मिळालं नव्हतं, म्हणून आम्ही या निकालाला मोठा मानतो. अमली पदार्थांच्या कायद्यात शिवाय अटकेच्या आधीच्या सहा वर्षांपलीकडची खरेदी वगळलेली आहे. मात्र एकदा नोटीस आली, की मालमत्ता बेकायदा कमाईची नाही हे सिद्ध करण्याचा भार तिच्या धारकावरच. म्हणजे नवऱ्याला अटक झाल्यावर पाचव्या वर्षी केलेल्या बांगड्या माहेरच्या पैशातल्या की नवऱ्याच्या, हे बायकोनं दाखवायचं. माहेराहून आलेल्या पैशाची पावती कोण ठेवतं?