पुरुमेंत करणारा पक्षी

परवा टोरोंटोहून भाच्याने एक फोटो पाठवला. चहूकडे बर्फ, मध्ये हा उभा, एका हाताचा मोजा काढून तळहात पुढे केलेला आणि त्यावर एक राखाडी पक्षी आरामात बसलेला. खाली दोन ओळी: "मामा, हा पक्षी न बोलावता हातावर येतो. मनुका उचलतो, जातो, दोन मिनिटांत परत हजर. एवढासा जीव, एवढे खातो तरी कुठे?"

उत्तर असे की तो ते सगळे खात नाहीच. ठेवून देतो, हिवाळ्यासाठी. आपल्या गोव्याच्या भाषेत सांगायचे तर पुरुमेंत करतो. पोर्तुगीज भाषेतला बेगमीचा शब्द आपल्या जिभेवर घोळून पुरुमेंत झाला. पावसाळ्याचे महिने निभावायचे तर मे महिन्यातच सुके बांगडे, सुंगटां, सोलां, मिरच्या, मीठ घरात भरायचे. मडगावच्या पुरुमेंताच्या फेस्ताला लहानपणी गेलेल्यांना तो सुक्या मासळीचा वास अजून आठवत असेल. तर असे पुरुमेंत करणारा हा पक्षी, आणि त्याचे पुरुमेंत आता नासू लागले आहे. ते कसे कळले, याची हकिकत मला फार आवडली. मी पक्षितज्ज्ञ नाही. शिक्षण कला शाखेचे आणि पोट कारकुनीवर. पण या हकिकतीत एका नोंदवहीला मोठे काम आहे, आणि नोंदवही म्हटली की कारकुनाचे कान टवकारतातच.

पक्ष्याचे नाव कॅनडा जे. कावळ्याच्या कुळातला, पण वजनाने जेमतेम ७० ग्रॅम. मऊ, फुगीर पिसांचा, आखूड चोचीचा. उत्तर अमेरिकेच्या माथ्यावर अलास्कापासून न्यूफाउंडलंडपर्यंत स्प्रूस आणि पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांचा जो अफाट पट्टा आहे, ज्याला बोरिअल अरण्य म्हणतात, ते याचे घर. रॉकी पर्वताच्या उंच भागातही तो आढळतो. हिवाळा आला की तिथले बहुतेक पक्षी दक्षिणेचा रस्ता धरतात. हा मात्र हलत नाही. जोडीने आपली हद्द धरून बारा महिने तिथेच राहतो.

तिथल्या क्री लोकांच्या कथांत 'विसाकेजाक' नावाचा एक खोडकर, रूपे बदलणारा नायक आहे. त्याचे नाव या पक्ष्याला मिळाले. गोऱ्या वसाहतकारांच्या तोंडी त्याचे 'व्हिस्की जॅक' झाले. दारूशी त्याचा काडीचा संबंध नाही. लाकूडतोड्यांनी त्याला आणखी एक नाव दिले, 'कॅम्प रॉबर', म्हणजे छावणीतला लुटारू. शिदोरी उघडली की हा हजर.

हे लाकूडतोडे तिथे आले कसे, तेही पाहण्यासारखे आहे. १८०६ साली नेपोलियनने युरोपचा किनारा इंग्लंडच्या व्यापाराला बंद केला. बाल्टिक समुद्राकडून इंग्रजांना मिळणारे लाकूड अडचणीत आले. इंग्रजांचा आरमारी कारभार तर लाकडावर चाललेला. मग कॅनडातल्या ओटावा नदीच्या खोऱ्यातले पांढरे पाइन तुटू लागले आणि तराफे बांधून नदीतून खाली जाऊ लागले. पुढच्या काही दशकांत कुऱ्हाडी आज जिथे अल्गाँक्विन उद्यान आहे त्या डोंगराळ भागापर्यंत पोचल्या. १८९३ साली ओंटारिओ सरकारने ते उद्यान स्थापन केले. आज त्याचे क्षेत्र साडेसात हजार चौरस किलोमीटरांहून जास्त आहे, म्हणजे आपल्या गोव्याच्या दुप्पट. लाकूडतोड मात्र पूर्ण थांबली नाही. उद्यानाच्या काही भागांत ती आजही चालते.

हे अल्गाँक्विन बोरिअल पट्ट्याच्या दक्षिण काठावर आहे. सखल, पाणथळ जागी काळे स्प्रूस आणि टेकड्यांवर पानझडी मेपल. उत्तर आणि दक्षिण इथे एकमेकांत मिसळतात. आपल्याकडे समुद्राला लागून असलेली खाजण जमीन जशी, तशीच ही काठाची जागा. पाणी जरा चढले की पहिला फटका काठाला.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर रस रटर नावाच्या एका निसर्ग-अभ्यासकाने अल्गाँक्विनमधल्या या पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी घालायला सुरुवात केली. प्रत्येकाला रंगांची वेगळी जुळणी. त्यामुळे दुरूनही कळायचे की हा कोण, कुणाचा, कुठला. १९६९ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, १९७६ साली ते वारले. पण वही बंद पडली नाही. उद्यानातच निसर्ग-अधिकारी असलेल्या डॅन स्ट्रिकलंड यांनी ती पुढे चालवली. नोकरीतून २००० साली निवृत्त झाल्यावरही त्यांनी ती सोडली नाही. नंतर गेल्फ विद्यापीठाचे रायन नॉरिस आणि त्यांचे विद्यार्थी त्यात आले. म्हणजे साधारण साठ वर्षे, एकाच जागी, एकाच पक्ष्याच्या पिढ्यांची नोंद. जगात अशा वह्या थोड्या.

नोंद करायची म्हणजे काय? कोणती जोडी कोणत्या हद्दीत आहे, घरटे कधी बांधले, अंडी किती, पिल्ले किती उडाली, शरदात कोण दिसले आणि कोण दिसले नाही. दर वर्षी तेच रकाने. त्यात रोमांचक असे काही नाही. आवक-जावक वही लिहिणाऱ्याला हे सांगायला नको.

पण त्या रकान्यांतून एकेक गोष्ट उलगडत गेली. हा पक्षी घरटे बांधतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. बाहेर बर्फ, पारा कधी उणे २० अंशांच्याही खाली, आणि मादी अंड्यांवर बसलेली. अठरा-एकोणीस दिवस ती बसते, नर तिला भरवतो. भरवायला अन्न येते कुठून? उन्हाळ्यात आणि शरदात साठवलेल्या कोठारातून. हा पक्षी बोरे, किडे, अळंबी, मेलेल्या जनावराच्या मांसाचे तुकडे, जे मिळेल ते तोंडात घोळवतो. त्याच्या लाळेला चिकटपणा असतो. त्या लाळेत गोळा करून तो झाडाच्या सालीच्या कपारीत, दगडफुलाखाली चिकटवून ठेवतो. एकाच ठिकाणी सगळे नाही, प्रत्येक घास वेगळ्या जागी. एका दिवसात अशा हजारभर जागा तो भरू शकतो, आणि पुढे त्या शोधूनही काढतो. भाच्याच्या मनुका कुठे गेल्या, ते आता कळले असेल.

घरातली एक कठोर रीतही वहीतून समोर आली. जून महिन्यात पिल्लांची आपापसांत भांडणे होतात. जे बलवान ते बाकीच्या भावंडांना हद्दीबाहेर हाकलते आणि एकटे आईबापांपाशी राहते. हाकललेल्यांतली बहुतेक शरदापर्यंत टिकत नाहीत. स्ट्रिकलंड यांनी १९९१ साली हे सविस्तर मांडले. ऐकायला निष्ठुर वाटते खरे. पण हिवाळ्याच्या कोठाराला हिस्सेदार किती असावेत, हा प्रश्न आपल्या एकत्र कुटुंबांतही काही गोडीगुलाबीने सुटलेला नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. १९८० नंतर वहीतल्या हद्दी रिकाम्या होऊ लागल्या. जोडीतला एक मेला की त्याच्या जागी दुसरा येईना. पूर्वीच्या मानाने भरलेल्या हद्दी निम्म्याहून कमी झाल्या. संरक्षित उद्यान, शिकारीचा उपद्रव नाही, माणसे तर हातावर खाऊ घालतात. मग झाले काय?

२००६ साली थॉमस वेट आणि स्ट्रिकलंड यांनी जुने रकाने हवामानाच्या नोंदींशेजारी मांडले. ज्या वर्षी शरद ऋतू उबदार गेला, त्याच्या पाठोपाठच्या विणीत पिल्ले कमी. त्यांचा तर्क असा की थंडी हे या पक्ष्याचे शीतकपाट आहे. शरदातच गारठा पडला तर ठेवलेले मांस, बोरे टिकतात. गारठा लांबला की ती सडतात. फेब्रुवारीत मादी घरट्यावर बसते तेव्हा कोठार अर्धे गेलेले असते. आपण एरवी ऊब म्हणजे पक्ष्याला सुख असे धरून चालतो. इथे ऊबच घात करते.

तर्क म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून पुढचे काम झाले. २०११ साली दोन गोष्टी पुढे आल्या. एक, ज्या हद्दींत स्प्रूस-पाइन भरपूर, त्या टिकल्या होत्या. जिथे मेपलसारखी पानझडी झाडे जास्त, त्या ओस पडल्या होत्या. दुसरी, अळ्या वेगवेगळ्या झाडांच्या सालीत ठेवून पाहिल्या तेव्हा सूचिपर्णी झाडांवरच्या जास्त चांगल्या टिकल्या. त्या झाडांच्या राळेत जंतूंना आवर घालणारे गुण असावेत, असे संशोधकांना वाटते. आपण मासळीला मीठ लावतो, त्यातलाच प्रकार, फक्त इथे मीठ झाडच पुरवते. २०१५ साली नॉरिस यांच्या गटाने प्रत्यक्ष जादा अन्न देऊन केलेला प्रयोग आणि ४३ वर्षांच्या नोंदी एकत्र मांडल्या, आणि अन्नाचा तुटवडाच विणीला आड येतो हे दाखवले. मग २०१९ साली आणखी बारकावा आला. नुसती ऊब नव्हे, तर शरदात गोठणे-वितळणे, पुन्हा गोठणे-वितळणे जितके जास्त वेळा, तितकी पुढची वीण कमजोर. गोठलेला मासा एकदा बाहेर काढून पुन्हा गोठवला तर त्याचे काय होते, हे कुठलीही गृहिणी सांगेल.

इथे एक सांगायला हवे. हा पक्षी नामशेष व्हायच्या मार्गावर नाही. उत्तरेकडे त्याचे अरण्य अफाट आहे आणि जगाच्या यादीत तो धोक्याबाहेरच मोजला जातो. पण काठावरचा पक्षी जातो आहे. आणि साठ वर्षांची वही नेमकी काठावर लिहिली गेली, म्हणूनच हे दिसले. अरण्याच्या पोटात लिहिली असती तर अजून कितीतरी वर्षे 'सर्व ठीक' एवढाच शेरा पडत राहिला असता.

नावाचीही एक गंमत आहे. १९५७ साली अमेरिकेतल्या पक्षितज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या यादीत या पक्ष्याचे नाव 'ग्रे जे' केले. राखाडी पक्षी जगात ढीगभर, पण कॅनडाचे नाव गेले. २०१६ साली तिथल्या राजेशाही भूगोल संस्थेने राष्ट्रीय पक्षी म्हणून याची शिफारस केली. लोकांच्या मतदानात तो तिसरा आला होता, तरी तज्ज्ञांनी यालाच निवडले, कारण हिवाळ्यात तो देश सोडून जात नाही. सरकारने मात्र ती शिफारस तेव्हा उचलली नाही. स्ट्रिकलंड यांनी मग संघटनेची जुनी कागदपत्रे उपसली, नाव कसे गेले ते लिहून काढले, आणि २०१८ साली 'कॅनडा जे' हे नाव परत मिळाले. गावांची आणि माणसांची नावे एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जाताना काय होते, ते आपण गोवेकरांनी पुष्कळ पाहिले आहे. जुना कागद जपला होता म्हणून एक नाव परत आले, एवढे लक्षात ठेवू.

फार वर्षांपूर्वी मी ज्या एका कचेरीत होतो, तिथे मागच्या खोलीत जुन्या वह्यांचा ढीग होता. एका पावसाळ्यात छप्पर गळले, वह्या भिजल्या, मग वाळवी लागली. शेवटी पोत्यांत भरून बाहेर गेल्या. त्यांत काय होते, ते कुणी पाहिले नाही. मीही नाही. तेव्हा वाटले, जुने रकाने कोण वाचणार? आता वाटते, रटर यांना तरी कुठे ठाऊक होते? पक्ष्याच्या पायात पहिले कडे घालताना हवामान बदलाचा प्रश्न त्यांच्या मनात असणे शक्यच नव्हते. वही आधी आली, प्रश्न चाळीस वर्षांनी आला. वही नसती तर प्रश्नाला उत्तर देणारे कुणीच नव्हते.

भाच्याला एवढे सगळे लिहून कळवले. त्याचे उत्तर आले, "मामा, पुढच्या वेळी कड्यांचे रंग बघून ठेवतो."

आमची आई मे महिन्यात अंगणात सोलां वाळत घालते. गेल्या काही वर्षांत अवेळी सर आली की धावत जाऊन चटई गोळा करावी लागते. एका वर्षी अर्ध्या सोलांना बुरशी आली. आई चिडून म्हणाली, "आता पूर्वीचा मे राहिला नाही." मी हसलो होतो. कितव्या तारखेला पाऊस आला आणि किती सोलां गेली, हे मात्र आमच्या घरात कुणी कधी लिहून ठेवलेले नाही. यंदापासून ठेवणार आहे.