प्रवासी छायाचित्रण व लघुकॅमेरा

प्रवासात असताना वाटेतील स्थळे, माणसे व प्रसंग यांची छायाचित्रे घेण्याच्या कलेस प्रवासी छायाचित्रण असे म्हणतात. छायाचित्रणाच्या इतर शाखांत उपकरणाचे वजन ही गौण बाब असते. येथे मात्र ती निर्णायक ठरते. कॅमेरा लहान केला की त्यातील चित्राचे क्षेत्र लहान होते आणि त्या प्रमाणात तपशील व प्रकाशग्रहण यांत उणेपणा येतो. हा उणेपणा कितपत सोसावयाचा, हा या कलेतील जुना व आजही न सुटलेला प्रश्न आहे. त्याचे परिणाम केवळ तांत्रिक नव्हते. गेल्या शतकांतील कोणत्या गोष्टींची छायाचित्रे मागे राहिली व कोणत्यांची राहिली नाहीत, हे पुष्कळ अंशी कॅमेऱ्याच्या वजनाने ठरविले.

पश्चिम भारतात हा प्रश्न छायाचित्रणाच्या प्रारंभीच उभा राहिला. मुंबईत १८५४ साली ‘बाँबे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्यासाठी कंपनी सरकारने तोफखान्यातील एक अधिकारी कॅप्टन टॉमस बिग्ज यांची नेमणूक केली. त्यांनी विजापूर, बदामी, ऐहोळे इ. ठिकाणी हिंडून शंभराहून अधिक निगेटिव्ह तयार केली. वर्षअखेरीस त्यांना सैन्यात परत जावे लागले व काम डॉ. विल्यम हेन्री पिगू यांच्याकडे आले. बिग्ज यांनी वापरलेली पद्धत टॅल्बट यांच्या १८४१ च्या एकस्वानुसारची, म्हणजे कागदी निगेटिव्हची होती. कागद आधी तयार करून ठेवता येई, तो हलका असे व बैलगाडीच्या धक्क्यांनी फुटत नसे. पण त्याची संवेदनक्षमता अल्प असल्याने उद्भासनास काही मिनिटे लागत. साहजिकच विजापूरचे घुमट स्पष्ट उमटले. त्यांखालून ये-जा करणारी माणसे उमटली नाहीत.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीने चित्रातील तपशील वाढला, परंतु प्रवास अवघड झाला. या पद्धतीत काचेवर कलोडियनचा थर देऊन ती रौप्यलवणाच्या द्रावणात बुडवावी लागे आणि थर वाळण्यापूर्वीच उद्भासन व विकसन उरकावे लागे. आपल्याकडील उन्हात त्यासाठी जेमतेम काही मिनिटे मिळत. त्यामुळे कॅमेरा, तिपाई, काचा, रसायनांच्या बाटल्या, पाणी व काळोखी राहुटी असा सर्व पसारा बरोबर न्यावा लागे. शिवाय प्रतिमा मोठी करून छापण्याची सोय त्या काळी व्यवहारात फारशी नव्हती. निगेटिव्ह कागदावर टेकवून तेवढ्याच आकाराची प्रत काढीत. म्हणजे हातभर चित्र हवे असेल, तर हातभर काच व ती मावेल एवढा कॅमेरा आवश्यक होता. जुन्या कॅमेऱ्यांच्या अवजडपणाचे खरे कारण हेच होय. सॅम्युएल बोर्न यांच्या १८६३ च्या पहिल्या हिमालयीन मोहिमेत सु. तीस हमाल होते; १८६६ मध्ये त्यांनी मणिरंग खिंडीत सु. ५,६७० मी. उंचीवर छायाचित्रे घेतली, तेव्हाही तेथपर्यंतचे ओझे हमालांनीच वाहिले होते. छायाचित्रकाराच्या चिकाटीची वर्णने पुष्कळ आढळतात. ज्यांच्या पाठीवरून काचा वर गेल्या, त्यांची नावे मात्र चित्रांखाली नाहीत. कॅमेऱ्याचे वजन दुसऱ्याने वाहावयाचे होते तोपर्यंत ते कमी करण्याची निकडही बेताचीच होती.

लहान कॅमेऱ्याचा लाभ जाणून घेतलेल्या आरंभीच्या छायाचित्रकारांपैकी एक मेजर रॉबर्ट गिल (१८०४–७९) हे महाराष्ट्रातच काम करीत होते. मद्रास सेनेतील या अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रंगीत प्रतिकृती करण्यात अनेक वर्षे घालविली. त्यांतील बऱ्याच प्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. १८५० नंतरच्या दशकात गिल छायाचित्रणाकडे वळले व त्यांनी जोडभिंगी त्रिमितिदर्शी कॅमेरा वापरला. या कॅमेऱ्यातील काच लहान, म्हणून भिंगाचे केंद्रांतर कमी. केंद्रांतर कमी असल्याने जवळच्या व दूरच्या वस्तू एकाच वेळी रेखीव येतात. मोठ्या काचेवर असाच परिणाम साधावयाचा, तर भिंगाचे छिद्र फार लहान करावे लागते व उद्भासनकाल वाढतो. त्यामुळे लेण्यांच्या अंधाऱ्या दालनांत लहान कॅमेरा अधिक उपयुक्त ठरला. गिल यांच्या चित्रांची दोन पुस्तके १८६४ मध्ये लंडन येथे निघाली. त्यांतील मजकूर जेम्स फर्ग्युसन यांचा आहे. लेण्यांखेरीज शिकार, जनावरे व रानवाटा असे विषयही त्यांच्या चित्रसंग्रहात आले आहेत. सरकारी कामगिरीवरील मोठ्या कॅमेऱ्यांनी असे विषय क्वचितच घेतले.

जिलेटिनयुक्त कोरड्या पट्टिकांची कल्पना रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये मांडली. पुढील दशकात अशा तयार पट्टिका बाजारात आल्या व राहुटीची गरज संपली. जॉर्ज ईस्टमन यांच्या १८८८ च्या कोडॅक कॅमेऱ्यात शंभर चित्रांची गुंडाळी भरलेली असे. ती संपली की कॅमेराच कारखान्यात पाठवावयाचा आणि चित्रे व नवी गुंडाळी घालून तो परत घ्यावयाचा, अशी व्यवस्था होती. चित्रे वर्तुळाकार व सु. साडेसहा सेंमी. व्यासाची होती. व्यावसायिकांनी या कॅमेऱ्याला खेळणे मानले असले, तरी हौशी प्रवाशाच्या हाती प्रथमच स्वतःला पेलणारा कॅमेरा आला. १९१२ मध्ये निघालेला खिशात मावणारा घडीचा कोडॅक पहिल्या महायुद्धातील सैनिकांत लोकप्रिय झाला.

यानंतरच्या टप्प्याचा उगम छायाचित्रणात नसून चित्रपटात आहे. जर्मनीतील वेट्झलार येथील लाइट्स या प्रकाशीय उपकरणांच्या कारखान्यात काम करणारे ऑस्कर बारनॅक यांना दम्याचा विकार होता. काचपट्टिकांचा जड कॅमेरा घेऊन डोंगरांत फिरणे त्यांना झेपत नसे. त्यांनी १९१३–१४ मध्ये चित्रपटाच्या ३५ मिमी. रुंदीच्या फिल्मवर स्थिर चित्रे घेणारा कॅमेरा बनविला. चित्रपटात फिल्म उभी सरकते; बारनॅक यांनी ती आडवी सरकविली व १८ × २४ मिमी. ऐवजी २४ × ३६ मिमी. असे दुप्पट क्षेत्र मिळविले. युद्धामुळे उत्पादन लांबले. अखेर १९२५ मध्ये लाइपसिक येथील जत्रेत ‘लायका’ या नावाने हा कॅमेरा लोकांपुढे आला. एव्हाना प्रतिमावर्धक यंत्रे सुधारली होती. लहान निगेटिव्हवरून मोठी प्रत काढणे शक्य झाले नसते, तर बारनॅक यांचे कौशल्य वाया गेले असते.

याच रुंदीची फिल्म कोल्हापुरास अपरिचित नव्हती. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास कोल्हापुरात चलच्चित्र कॅमेरा तयार केला. त्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचा सैरंध्री हा चित्रपट घेण्यात आला व तो १९२० मध्ये प्रदर्शित झाला. लायका विक्रीस येण्याच्या काही वर्षे आधीची ही गोष्ट आहे. अर्थात पेंटर यांचा उद्देश वेगळा होता. त्यांचा कॅमेरा तिपाईवर बसवून हाताने फिरवावयाचा होता; प्रवासाची सोय हे त्याचे प्रयोजन नव्हते. मात्र फिल्म नेमक्या अंतराने पुढे सरकविणारी यंत्रणा, म्हणजेच लघुकॅमेऱ्याचाही गाभा, परदेशी कारखान्याच्या मदतीवाचून येथे घडविण्यात आला होता. चित्रपटाच्या इतिहासात या कामगिरीला स्थान मिळाले आहे. स्थिर छायाचित्रणाच्या संदर्भात तिचा विचार सहसा होत नाही.

लहान कॅमेऱ्याने माणसांच्या जवळ जाणे कसे शक्य केले, याचे उत्तम उदाहरण वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रमातले आहे. कनू गांधी (१९१७–८६) यांनी महात्मा गांधींची छायाचित्रे घेण्यास १९३८ च्या सुमारास सुरुवात केली. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांनी रोलायफ्लेक्स कॅमेरा घेतला होता. गांधीजींच्या अटी तीन होत्या : फ्लॅश वापरावयाचा नाही, मुद्दाम बसण्यास सांगावयाचे नाही व आश्रमाने खर्च द्यावयाचा नाही. १९२९ मध्ये निघालेला हा जोडभिंगी कॅमेरा लायकापेक्षा मोठा असला, तरी तो छातीशी धरून वरून पाहावयाचा असे व त्याची झडप फारसा आवाज करीत नसे. तिपाईवरच्या कॅमेऱ्याने या अटी पाळता आल्या नसत्या.

स्वातंत्र्यानंतर आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी लघुकॅमेरे भारतात दुर्मिळ व महाग राहिले. सर्वसामान्य कुटुंबांच्या सहलींत दिसे तो बडोदे येथे तयार होणारा आग्फा क्लिक-३. त्याचे भिंग साधे, केंद्र जवळजवळ ठरलेले व गुंडाळीत केवळ बारा चित्रे. म्हणून प्रत्येक चित्र विचार करून घेतले जाई. हौशी गिर्यारोहक व पत्रकार ३५ मिमी. चे एकभिंगी परावर्तक कॅमेरे वापरू लागले. हे कॅमेरे आरसा व लोलक यांमुळे पुन्हा वजनदार झाले होते. जपानी अभिकल्पक योशिहिसा मैतानी यांनी १९७२ च्या ऑलिंपस कॅमेऱ्यात ही वाढ रोखली व भिंगाविना वजन सु. ५०० ग्रॅ. वर आणले. त्यांनीच १९५९ मध्ये फिल्मची निम्मी चौकट वापरणारा ‘पेन’ हा छोटा कॅमेरा तयार केला होता.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मची जागा संवेदकाने घेतली, पण देवघेव तीच राहिली. पूर्ण चौकटीच्या संवेदकाचे क्षेत्र ८६४ चौ. मिमी., तर २००८ पासून आरसाविरहित कॅमेऱ्यांत आलेल्या लहान संवेदकाचे (१७·३ × १३ मिमी.) सु. २२५ चौ. मिमी., म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा. छिद्रांक व उद्भासनकाल तेच ठेवल्यास लहान संवेदकाला एकूण प्रकाश सु. एकचतुर्थांश मिळतो आणि अंधारातील चित्र दाणेदार दिसू लागते. उलट, ५० मिमी. भिंगाने मिळणारा दृष्टिकोन तेथे २५ मिमी. भिंगाने मिळतो व दूरचे पक्षी टिपणारे भिंग फारच आटोपशीर होते. २०१३ पासून पूर्ण चौकटीचेही आरसाविरहित कॅमेरे बरेच लहान झाले. त्यांची भिंगे मात्र लहान झाली नाहीत. चित्रक्षेत्र तेवढेच असल्याने ती होणेही कठीण आहे. खरेदी करताना नुसत्या कॅमेऱ्याचे वजन पाहणारा ग्राहक येथे फसतो. वजन करावयाचे ते भरलेल्या पिशवीचे. मोबाइल दूरध्वनीतील कॅमेऱ्याने साध्या छोट्या कॅमेऱ्यांची बाजारपेठ जवळजवळ संपविली. त्याचा संवेदक याहूनही लहान असून त्याचा बराचसा उणेपणा गणनक्रियेने झाकलेला असतो.

कोल्हापूर परिसरात या निवडीची कसोटी फार थोड्या अंतरात लागते. पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंतची सु. ५० किमी. ची वाटचाल पुष्कळ लोक १६६० मधील प्रसंगाच्या स्मरणार्थ ऐन आषाढात करतात. सतत पाऊस, निसरड्या वाटा व गुडघाभर ओढे यांत दोन भिंगांची जड पिशवी पहिल्याच दिवशी बंद होते व शेवटपर्यंत उघडत नाही. येथे पाणी रोखणारा व एका हाताने चालविता येणारा कॅमेराच उपयोगी. प्रवासानंतर तो कोरडा करून ठेवणेही तितकेच आवश्यक असते. सह्याद्रीच्या दमट हवेत भिंगाच्या आतील बाजूस बुरशी धरते व ती काचेवर कायमचे व्रण ठेवते. वाडी रत्नागिरी येथील जोतिबाच्या चैत्री यात्रेत अडचण निराळी असते. सासनकाठ्या नाचत असताना गुलालाची उधळण इतकी दाट असते, की तेथे भिंग बदलणे म्हणजे संवेदकावर गुलाल घेणेच होय. भिंग पक्के बसविलेला छोटा कॅमेरा येथे किमती कॅमेऱ्याला मागे टाकतो. गर्दीत तो कोणाला बुजवीतही नाही.

खिद्रापूर येथील शिलाहारकालीन कोपेश्वर मंदिरात मात्र लहान कॅमेऱ्याची मर्यादा उघड होते. स्वर्गमंडपाच्या छतातील वर्तुळाकार मोकळ्या जागेतून येणारे ऊन व त्यापलीकडील सभामंडपाचा काळोख यांतील अंतर लहान संवेदकाला एका चित्रात सामावता येत नाही. एक तर आकाश पांढरे पडते किंवा खांबांवरील नक्षी बुडते. संरक्षित स्मारकांत तिपाईस बहुधा पूर्वपरवानगी लागते, म्हणून दीर्घ उद्भासनाचा मार्गही सहजी मोकळा नसतो. एक सोय मात्र हलक्या कॅमेऱ्यालाच उपलब्ध आहे. स्वर्गमंडपाच्या मध्यभागी, छतातील वर्तुळाच्या बरोबर खाली, गोल शिळा आहे. तिच्याजवळील फरशीवर रुमाल पसरून कॅमेरा पाठीवर उताणा ठेवावा, झडप काही सेकंदांनी आपोआप उघडेल अशी योजना करावी व आपण खांबांमागे सरावे. तिपाईवाचून कॅमेरा स्थिर राहतो आणि वर्तुळाभोवतीचे कोरीव छत आकाशासह चित्रात येते. मात्र माथ्यावर ऊन येण्यापूर्वी, सकाळी, हे काम उरकावे लागते.