हॉस्टेल-निवास, गोवा (पेडणे व डिचोली)

खोलीऐवजी खाटेचे भाडे आकारणारी प्रवासी निवासव्यवस्था. एका खोलीत साधारण चार ते बारा जणांची सोय, प्रत्येकाला दुमजली खाटेवरची एक जागा, सामानासाठी लॉकर, सामाईक न्हाणीघर आणि बसण्या-बोलण्याची एक मोठी खोली असे तिचे रूप असते. स्त्रियांसाठी स्वतंत्र डॉर्म बहुतेक ठिकाणी मिळते. गोव्यात ही पद्धत मुख्यतः बार्देश व पेडणे तालुक्यांच्या किनारी गावांत रुजली. शेजारच्या डिचोलीत ती फारशी पोचलेली नाही.

एकट्या प्रवाशाला हॉटेलात दोघांच्या खोलीचे पैसे मोजावे लागतात. हॉस्टेलात तो फक्त आपल्या जागेचे मोजतो, म्हणून विद्यार्थी, नवे नोकरदार आणि एकट्याने फिरणाऱ्या मुली यांना गोवा परवडू लागला. मात्र ही स्वस्ताई वर्षभर सारखी नसते. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात खाटेचा दर कित्येक पटींनी चढतो, पावसाळ्यात तळाला जातो. दिवसाला हजार रुपयांपर्यंतच्या खोल्यांना असलेली वस्तू व सेवा करातील सूट 18 जुलै 2022 रोजी संपली आणि तेथे 12 टक्के कर आला. 22 सप्टेंबर 2025पासून तो 5 टक्के झाला.

आधुनिक हॉस्टेलची कल्पना जर्मन शिक्षक रिचर्ड शिरमान यांची. 1909 साली विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले असता वादळात त्यांना एका शाळेत आसरा घ्यावा लागला, आणि सुट्टीत रिकाम्या राहणाऱ्या शाळा मुलांच्या मुक्कामासाठी का वापरू नयेत, असे त्यांना वाटले. पुढे आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचे हॉस्टेल उभे राहिले. भारतात ही चळवळ यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियाने चालवली. गोव्यातील या संस्थेचे पदभ्रमण अनेक महाराष्ट्रीय विद्यार्थ्यांची गोव्याशी पहिली ओळख ठरले. पणजीत मिरामारला सरकारी यूथ हॉस्टेल आहे.

सामाईक मुक्काम गोव्याला त्याआधीही अपरिचित नव्हता. फोंडा तालुक्यातील मंगेशी, कवळे, म्हार्दोळ येथील देवळांच्या अग्रशाळांत, म्हणजे यात्रेकरूंच्या निवासांत, मुंबई, कारवार, मंगळुरूकडून येणारे कुळावी (त्या देवतांना कुलदैवत मानणारे भाविक) पिढ्यान्‌पिढ्या अल्प दरात उतरत आले. फोंड्याप्रमाणेच पेडणे व डिचोली हेही नव्या काबिजादींतले, म्हणजे पोर्तुगिजांनी उशिरा जिंकलेल्या मुलखातले तालुके. त्यांच्या ताब्यात ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले, त्यामुळे जुन्या काबिजादींत देवळांचा जो विध्वंस झाला तो येथे टळला. जुन्या काबिजादींतल्या दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर देव नदीपलीकडे डिचोलीतील नार्वे येथे आणला गेला, आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. डिचोलीतीलच शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, व्रताचे दिवस आजही गटागटाने एकत्र काढतात, एकत्र रांधून जेवतात. अशा मुक्कामामागे श्रद्धा व नाते असते, हॉस्टेलामागे व्यवहार. तरी अनोळखी माणसाशेजारी निर्धास्त झोपण्याची सवय दोहोंना लागतेच.

पेडण्यातील आजच्या हॉस्टेलांचा पाया हरमलच्या लोकांनी घातला. साठ-सत्तरच्या दशकांत इस्तंबूल-काबूलमार्गे खुष्कीने आलेले हिप्पी प्रथम कळंगुट-हणजूणला राहिले. तेथे गर्दी व दर वाढले तशी त्यांतली काही मंडळी शापोरा नदी ओलांडून उत्तरेला सरकली. हरमल, मांद्रे, मोरजी येथील मच्छीमार व शेतकरी कुटुंबांनी घरातली एखादी खोली, पडवी किंवा माडांखालची झोपडी महिन्याच्या बोलीवर दिली. शिवोली-चोपडे पूल होईपर्यंत इकडे यायला फेरीबोट हाच जवळचा मार्ग होता, आणि त्या अडचणीनेच दर खाली राहिले. संघटित हॉस्टेल साखळ्या पुष्कळ उशिरा आल्या. झोस्टेलची सुरुवात 2013 साली राजस्थानात झाली. त्यानंतर अशा कंपन्या गोव्यात पसरल्या. जुनी घरे व बंगले भाडेपट्ट्याने घेऊन तेथे डॉर्म झाली. त्यात घरमालकाला ठरीव भाडे मिळते, पण पाहुण्याची त्या घरातल्या माणसांशी ओळखही होत नाही. हे नुकसान दोन्ही बाजूंचे आहे.

पेडणे स्थानक कोकण रेल्वेवर आहे, आणि मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून 5 जानेवारी 2023 रोजी प्रवासी विमाने सुरू झाली. म्हापशाहून हरमलला बस मिळते. आतल्या रस्त्यांना ‘पायलट’ म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवाला किंवा भाड्याची दुचाकी लागते. दुचाकीची पाटी काळी असून अक्षरे पिवळी आहेत, हे पाहूनच ती घ्यावी. खासगी पाटीची गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे.

हॉस्टेलाला पर्यटन खात्याकडे 1982च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवावी लागते. मोरजी व मांद्रे येथे ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालतात, म्हणून त्या किनाऱ्यांवर प्रखर दिवे व गोंगाट यांना मनाई आहे. पार्टीच्या आशेने आलेल्याने हे आधी समजून घ्यावे. काही हॉस्टेले स्थानिक ओळखपत्र असलेल्याला खाट देत नाहीत. हा नियम अन्यायाचा आहे: काणकोणच्या मुलीला हरमलमध्ये एक रात्र काढायची असेल, तर आपल्याच राज्यात तिला महागडी खोली शोधावी लागते.

डिचोलीत समुद्र नाही आणि अनेक दशके खाण हाच धंदा होता, म्हणून पाहुण्यांसाठी निवास उभारण्याची निकड भासली नाही. 2012 साली खाणी थांबल्या तेव्हा ट्रकवाल्यांपासून गॅरेजवाल्यांपर्यंत सर्वांचीच मिळकत आटली. मये तलाव, साखळीचे दत्तमंदिर, हरवळ्याची कोरीव लेणी व धबधबा आणि नार्वे-दिवाडी फेरीबोट एवढे सारे एका लहान तालुक्यात असूनही बहुतेक प्रवासी म्हापसा किंवा पणजीहून येऊन संध्याकाळी परततात. कमी खर्चात गोवा पाहू इच्छिणाऱ्याने जुलै-ऑगस्टमध्ये पेडण्यात खाट घ्यावी आणि म्हापसामार्गे बसने डिचोलीत यावे. समुद्रात उतरणे तेव्हा धोक्याचे असते, दर सर्वांत कमी असतात आणि हरवळ्याचा धबधबा भरून कोसळत असतो.