ऊतींच्या सामूचे मापन

ऊतींच्या सामूचे मापन म्हणजे रक्तपुरवठा घटलेल्या किंवा दाह झालेल्या ऊतींमधील आम्लता मोजणे. धमनीतील रक्ताचा सामू (पीएच) सामान्यतः ७.३५ ते ७.४५ असतो. एखाद्या अवयवाचा रक्तप्रवाह खंडित झाला, तरी सुरुवातीला हा आकडा बदलेलच असे नाही. त्यामुळे केवळ रक्ततपासणी फसवी ठरू शकते. प्राणवायूअभावी पेशी विनॉक्सी मार्गाने ऊर्जा मिळवतात, लॅक्टेट व हायड्रोजन आयन साचतात आणि सामू उतरतो. दाहात पांढऱ्या पेशींच्या चयापचयामुळेही आम्लता वाढते. पू झालेल्या दाताजवळ लिग्नोकेनने नीट बधिरता येत नाही, त्याचे हे एक कारण मानले जाते: आम्लात औषधाचे विद्युतभारित रूप वाढते व ते मज्जातंतूच्या आवरणातून सहज जात नाही. मापनासाठी सूक्ष्म इलेक्ट्रोड थेट ऊतीत घालतात. फॉस्फरस-३१ चुंबकीय अनुस्पंदनाने पेशीच्या आतील सामू छेद न करता काढता येतो.