लांबच्या दिव्याला निरोप

२२ डिसेंबर १८८२ या दिवशी न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड जॉन्सन यांच्या घरी विजेच्या दिव्यांनी सजवलेले नाताळचे झाड पाहायला मिळाले. जॉन्सन हे एडिसन यांचे सहकारी. झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ऐंशी दिवे होते. झाड स्वतःभोवती फिरत असे आणि फिरताना दिव्यांचे गट आळीपाळीने लागत व विझत. युक्ती साधी होती. बुंध्याभोवती तांब्याच्या पट्ट्या बसवल्या होत्या आणि त्यांना टेकणारे स्पर्शक होते. पट्टी स्पर्शकाखाली आली की मंडल जोडले जाई, पुढे सरकली की तुटे.

या झाडात दिव्यांना कोणताही निरोप पाठवावा लागत नव्हता. दिवा पेटवणारी वीज हाच निरोप होता, आणि तो तोडणारी-जोडणारी यंत्रणा दिव्यांपासून हातभर अंतरावर होती. आज नाताळात मोठमोठ्या बागांमधून हजारो दिव्यांची रोषणाई केली जाते. तेथे वीजपुरवठा दिव्यांजवळ आणि नियंत्रक मात्र एका कोपऱ्यात असतो. ‘तू लाग’, ‘तू मंद हो’ हे निरोप पातळ तारेतून शेकडो मीटर जातात. मग जवळचे दिवे शहाण्यासारखे वागतात आणि लांबचे भलत्याच रंगात लुकलुकू लागतात.

यावर चटकन सुचणारा उपाय म्हणजे विद्युतदाब वाढवणे. लांबच्या माणसाला ऐकू जावे म्हणून आपण मोठ्याने ओरडतो, तसाच हा विचार आहे. इतिहासात हा उपाय एकदा फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला गेला आहे.

अटलांटिकच्या तळाशी

५ ऑगस्ट १८५८ रोजी आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांना जोडणारी तार अटलांटिक महासागरातून टाकून पूर्ण झाली. राणी व्हिक्टोरियाचा सुमारे शंभर शब्दांचा संदेश त्यातून गेला, पण त्याला सोळा तास लागले. असे का व्हावे? मधोमध तांब्याची तार, तिच्याभोवती गटापर्चाचे विद्युतरोधक आवरण आणि बाहेर समुद्राचे पाणी अशी ती रचना होती. प्रयोगशाळेतील लेडन बरणीही अशीच असते. म्हणजे ही तार एक प्रचंड लांब लेडन बरणीच झाली होती. प्रत्येक संकेताने आधी ही बरणी भरायची, मग रिकामी करायची. त्यामुळे एका टोकाला दिलेला तीक्ष्ण ठोका दुसऱ्या टोकाला पसरट फुगवटा होऊन पोचे. विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५४-५५ मध्येच गणित मांडले होते की हा विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लांबी दुप्पट झाली तर विलंब चौपट होतो.

कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांना हे गणित मान्य नव्हते. त्यांनी प्रवर्तन कुंडले वापरून सुमारे २,००० व्होल्टचा दाब दिला. आवरणात आधीच कच्चे दुवे होते, त्यात या दाबाची भर पडली. काही आठवड्यांतच तार कायमची मुकी झाली. एवढा खर्च, एवढे श्रम समुद्रतळाशी गेले.

थॉमसन यांचा मार्ग उलटा होता. बोलणाऱ्याने ओरडण्यापेक्षा ऐकणाऱ्याचे कान तीक्ष्ण करावेत. त्यांच्या गॅल्व्हानोमापीत इवलासा आरसा चुंबकासह टांगलेला असे. अत्यंत क्षीण प्रवाहानेही आरसा किंचित वळे आणि त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका पट्टीवर ठळक सरके. १८६६ मध्ये टिकाऊ तार टाकली गेली तेव्हा तिच्या कामकाजात हे उपकरण महत्त्वाचे ठरले.

ताजा निरोप आणि तारांची जोडी

जमिनीवरच्या तारायंत्रापुढेही अंतराचाच प्रश्न होता. तेथे रिले उपयोगी पडला. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास त्याचे तत्त्व दाखवले होते. दुरून आलेल्या क्षीण प्रवाहाने फक्त एक हलकी पट्टी ओढायची. ती पट्टी दुसऱ्या, ताज्या बॅटरीचे मंडल जोडते आणि निरोप पुन्हा पूर्ण जोमाने पुढे निघतो.

तिसरा धडा टेलिफोनने दिला. सुरुवातीला एकच तार टाकून परतीचा मार्ग म्हणून जमीन वापरत. आसपासच्या तारायंत्राच्या आणि विजेच्या तारांचा गोंगाट मग संभाषणात शिरे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांचे पेटंट घेतले. बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच होतो. ऐकणारे यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा मोजत असेल, तर तो उपद्रव वजाबाकीत निघून जातो. हलत्या नावेत उभ्या असलेल्या दोन मुलांची पाण्यापासूनची उंची सतत बदलते, पण त्यांच्या उंचीतला फरक बदलत नाही. तसेच हे आहे.

रोषणाईकडे परत

१९८३ मध्ये अमेरिकेत आरएस-४८५ हे मानक आले. पिळलेली जोडी आणि वजाबाकी हाच त्याचा पाया आहे. पाठवणारे यंत्र निदान दीड व्होल्टचा फरक देते आणि ऐकणाऱ्याला ०.२ व्होल्ट पुरतात. थॉमसन यांचा तीक्ष्ण कान येथे आकड्यांत दिसतो. १९८६ मध्ये नाट्यगृहांच्या प्रकाशयोजनेसाठी याच पायावर डीएमएक्स५१२ ही पद्धत ठरली. त्यामुळे एका जोडीवरून ५१२ दिव्यांचे निरोप सेकंदाला अडीच लाख बिटच्या वेगाने जाऊ लागले. पुढे नाताळच्या रोषणाईनेही ही पद्धत उचलली.

या वेगाला नवी अडचण येते ती परावर्तनाची. दोरीचे टोक खिडकीच्या गजाला बांधून झटका दिला की लाट परत येते. तारेच्या मोकळ्या टोकावरूनही संकेत तसाच परततो. तारेतून तो एका मायक्रोसेकंदात साधारण २०० मीटर जातो. ३०० मीटरच्या तारेवर जाऊन-येऊन तीन मायक्रोसेकंद झाले. डीएमएक्सचा एक बिट चार मायक्रोसेकंदांचा असतो, म्हणजे हा प्रतिध्वनी त्याच बिटावर येऊन आदळतो. म्हणून शेवटच्या टोकाला सुमारे १२० ओहमचा रोध जोडतात. तो लाट गिळून टाकतो. हा लहानसा रोध विसरला तर महागडी तारही लुकलुक थांबवू शकत नाही.

आता प्रत्येक दिव्याच्या पोटात एक चिप असलेल्या माळा मिळतात. यातील प्रत्येक दिवा आपल्यापुरता निरोप काढून घेतो आणि उरलेला नव्याने घडवून पुढच्याला देतो. हेन्रींचा रिलेच जणू दिव्यादिव्यात जाऊन बसला आहे. माळ कितीही लांब असली तरी दोन दिव्यांमधले अंतर वीतभरच असते. खरी अडचण नियंत्रकापासून पहिल्या दिव्यापर्यंतच्या एकट्या तारेची असते. तेथे पाच व्होल्टऐवजी बारा दिले तर चिप जळते. व्हाइटहाउस यांचा उपाय येथेही घातक ठरतो. त्याऐवजी संकेत पिळलेल्या जोडीवर चढवून नेतात आणि माळेपाशी पुन्हा एका तारेवर उतरवतात.

वर्गात सांगताना

संकेत ‘वाढवणे’ आणि ‘नव्याने घडवणे’ यांतला फरक मुलांना सहज दाखवता येईल. एका पानाची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स अशा सात-आठ प्रती काढा. प्रत्येक प्रतीत अक्षरांबरोबर डागही उमटत जातात. तेच पान वाचून एखाद्या मुलाने स्वच्छ अक्षरात उतरवले तर डाग मागेच राहतात. मात्र अक्षरे वाचता येत आहेत तोवरच हे काम करायला हवे. एकदा चुकीचे वाचले की ती चूकच स्वच्छ अक्षरात पुढे जाते. म्हणूनच संकेत नव्याने घडवणारे यंत्र वाटेत नेमके कोठे बसवावे हे अंदाजाने ठरत नाही. तारेची लांबी, संकेताचा वेग आणि वाटेतला गोंगाट मोजूनच ते ठरवावे लागते.